थ्री-एटी-सिक्सची परीक्षा

अहेरीच्या जंगल कचेरीत थ्री-एटी-सिक्स प्रोसेसरचा महागडा संगणक आला. तो घेण्याजोगा आहे का, हे ठरवायचं काम बडे बाबूंकडे गेलं. डेपोतल्या लाकडाची बेरीज ते स्वतः आठवडाभर करायचे. संगणक चालवून दाखवायचं काम माझं. मी तीच बेरीज घालून बटण दाबलं आणि पापणी लवायच्या आत उत्तर पडद्यावर.

बाबू भडकले. "एवढ्या लवकर? हा मोजून नाई राह्यला, अंदाज मारून राह्यला!"

बेरीज बरोबर निघाली, तरी त्यांना पटेना. शेवटी वैतागून मी प्रोग्राममध्येच त्या प्रोसेसरला उगाच रिकामे आकडे मोजायला बसवलं. आता उत्तर यायला तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून तोंडात टाकण्याइतका वेळ लागला.

बाबू खुलले. "आता कसा मन लावून करून राह्यला!"

शेऱ्यात त्यांनी लिहिलं, 'यंत्र मेहनती आहे. ठेवून घ्यावे.'