बिनआवाजाची सायकल

संयोगिता शेवाळेला ज्यांनी मारलं ते तिची वाट बघत बसले होते, आणि ती येतेय हे त्यांना तिच्या सायकलीनंच कळवलं होतं.

संयोगिता इस्लामपूरकडच्या ऊसवाल्या घरातली. घरातले निम्मे पुरुष फौजेत, त्यामुळे तिनं खाकी घातली याचं कुणाला नवल वाटलं नाही. शाळेत असताना कबड्डी खेळायची. समोरच्याचा घोटा एकदा तिच्या हातात आला की सुटत नसे. पुढे वनरक्षक म्हणून साताऱ्याच्या पश्चिमेला डोंगररानात नेमणूक झाली. तिथं लवकरच तिच्या लक्षात आलं, की मोटारसायकल पार दरीपलीकडून ऐकू येते आणि तेवढ्यात जनावरांना फासे लावणारे पांगतात. थोरला भाऊ मानसिंग पलटणीत होता. त्याची जुनी माउंटन बाईक गोठ्यात धूळ खात पडली होती, ती तिनं वर नेली. जाड टायर, पुढे शॉकअप. दगडाधोंड्यांतून, झाडांच्या मुळांवरून सायकल गपचूप जायची. माणसं फासे बांधत असतानाच बाई पाठीशी येऊन उभी राहायची.

वर्षं गेली तसा शॉकअप ढिला पडला. तेल झिरपायला लागलं, आणि दगड आला की पुढून खट्‌ आवाज यायचा. एकदा साताऱ्याला नेऊन दाखवू, असं म्हणत तिनं तशीच चालवली.

त्या सकाळी धुकं होतं. वळणावर तारेच्या फाशात भेकर अडकलेलं दिसलं. तार मानेत रुतून मांस उघडं पडलं होतं, तरी ते पाय झाडत होतं. तार सोडवायला ती वाकली आणि पाठीत कुऱ्हाडीचा दांडा बसला. तिघं होते. एकाला तिनं पायाला धरून खाली पाडलं, पण दुसऱ्यानं तोंडावर लाथ घातली आणि तिसऱ्यानं तिचा उजवा हात दगडावर धरून दांडा हाणला. मनगट मोडल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला.

हाणणारा कृष्णात होता, खालच्या वाडीतला. त्याचे फासे तिनं याआधी उपटले होते.

“तुमची सायकल लय वाजती, मॅडम,” तो सावकाश म्हणाला. “खिंड उतरायला लागला तवाच कळलं. निवांत बिडी वडत बसलो हुतो.”

मग त्यानं तिच्यासमोरच भेकराचा गळा चिरला, सायकल उचलून ओघळीत फेकली आणि भेकर खांद्यावर टाकून निघून गेला. त्याचे दोघे सोबती पुढे पकडले गेले. कृष्णात मात्र सापडला नाही.

मनगटात स्टीलची पट्टी बसवावी लागली. रजा संपायच्या आत संयोगितानं सायकल साताऱ्यात पुष्करच्या दुकानात नेली. पुष्कर डोंगरात सायकली पळवणारा माणूस, जुन्या गाड्यांवर जीव असलेला. त्यानं पुढचा ब्रेक दाबून हँडल मागेपुढे हलवलं. खट्‌खट्‌ आवाज आला.

“सर्व्हिस होईल ताई,” तो म्हणाला. “तेल बदलू, सील नवे टाकू. गळायचं थांबेल.”

“आन्‌ आवाज?”

“कमी होईल. आतले बुश झिजलेत, आणि या मॉडेलचे आता मिळत नाहीत. थोडा राहणारच.”

“मग नवाच टाका की.”

“नवा या फ्रेमला बसत नाही. हल्लीच्या शॉकअपचे दांडे वरून जाड येतात आणि चाकं मोठी. त्यापेक्षा शॉकअप काढून चाक धरायला साधा लोखंडी फोर्क टाकू. त्यात हलणारं काहीच नसतं, मग वाजणार काय?”

संयोगितानं उजव्या हाताची मूठ वळून बघितली. ती पुरती वळत नव्हती. दगडाचा प्रत्येक दणका थेट या हातात येणार.

मानसिंगला फोन लावला. तो म्हणाला, “टाकून दे ती. दुसरी घे.” दुसरी घ्यायला तिची ना नव्हती, पण त्या वाटा तिच्या अंगात या सायकलीवरून मुरल्या होत्या, आणि दुसरीची सवय होईपर्यंत थांबायची तिची तयारी नव्हती.

शेवटी पुष्करनं माळ्यावरून एक शॉकअप काढला. फ्रेम मोडलेल्या, त्याच काळातल्या सायकलीचा. नळ्यांवर ओरखडा नव्हता. तो दाबून बघत पुष्कर म्हणाला, “हा बसेल. पण तुमचा मूळचा जाईल.”

“जाऊ दे. मला फक्त आवाज नको.”

पुष्करनं पाना उचलला आणि जुना शॉकअप सोडवायला घेतला.

पावसाळा सरल्यावर कृष्णात रानात परत आल्याची कुणकुण लागली. सोबत दोघं घेऊन जायचं, असा साहेबांचा हुकूम होता. काठी घेऊन ती एकटीच गेली. उजाडता उजाडता खिंडीतून सायकल सोडली. चाकाखाली पानं चुरचुरत होती, बाकी काही नाही. खाली कृष्णात पाठमोरा बसून तार पिळत होता. तिनं ब्रेक लावला नाही.

पुढचं चाक त्याच्या बरगडीत बसलं. दोघंही दगडांत कोलमडले. तो उठला तो कोयता घेऊनच, आणि पहिल्याच वारात तिचा खांदा उघडा पडला. तिनं त्याचा घोटा धरला, ओढून आडवा केला आणि काठीनं त्याच्या कोयत्याच्या हातावर हाणलं. कोयता सुटला. तिनं पुन्हा हाणलं. गुडघ्यावर. खांद्यावर.

“बास, मॅडम,” तो म्हणाला. “पडलोय मी.”

हे तिला स्वच्छ ऐकू आलं, तरी तिनं हाणलं. त्याच्या हाताची बोटं वाकडी होईपर्यंत ती थांबली नाही. थांबली तेव्हा तो लहान पोरासारखा कण्हत होता आणि तिच्या खांद्यातलं रक्त त्याच्या सदऱ्यावर ठिबकत होतं. तिनं गळ्यातला रुमाल फाडून आधी त्याचा हात बांधला, मग आपला खांदा.

कृष्णातवर खटला उभा राहिला. चौकशी तिचीही झाली. साहेब चांगले होते. त्यांनी प्रश्नच असा विचारला, की तिला फक्त मान डोलवायची होती. “झटापटीत लागलं असेल ना?”

“न्हाई साहेब,” ती म्हणाली. “पडल्यावरबी मारलं मी त्याला. थांबा म्हणत हुता.”

तिची बदली आटपाडीला झाली. तिकडे उघडा माळ, खुरटं गवत आणि लांडगे. नव्या वनरक्षक पोरांना तिच्या खांद्याच्या खुणेचं अप्रूप होतं. ती विषय बदलायची. थंडीत एकदा सशांसाठी जाळं लावणारा एकजण बोरीच्या झुडपात सापडला. पळायची वाट त्याला उरली नव्हती. संयोगितानं सोबतच्या दोन्ही पोरांना पुढं घातलं, आपली काठी त्यांच्यातल्या एकाच्या हातात दिली आणि त्या माणसाला गाडीत बसवेपर्यंत लांब बांधावर उभी राहिली.