काकाच्या रेडिओचं गाऱ्हाणं

धाकटा काका बोटीवर नोकरीला होता. त्याने अमेरिकेहून रेडिओ आणला, तो एकशे दहा व्होल्टचा. आमच्या मालवणच्या घरातली वीज त्याच्या दुप्पट जोराची. मधे ट्रान्सफॉर्मर बसवल्याशिवाय लावू नका, असं काका घसा फोडून सांगत होता. आजोबा भडकले. “देव आसा ना मधे उभो!” त्यांनी नारळ ठेवला, पिन खोचायला लावली आणि डोळे मिटून देवाला गाऱ्हाणं घातलं. त्यांच्या दर मागण्याला आम्ही पोरं ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होतो.

रेडिओ गुरगुरला आणि त्याच्या मागून धूर निघाला. मिटल्या डोळ्यांनीच आजोबा म्हणाले, “धूप कोणी लायल्यान रे? वास बरो येता!”

काकाने कपाळाला हात लावला. आम्ही एका सुरात ओरडलो, “व्हय म्हाराजा!”