रंगाक्काची बाकं

लग्नाकार्यात आक्का आल्या की बायकांची नजर आधी त्यांच्या नखांवर जायची. अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी, कपाळावर विभूती, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग आणि नखांच्या कडांना हिरवा नाहीतर पिवळा ऑइलपेंट. एकदा नवरीची आत्या त्यांना बाजूला घेऊन म्हणाली, "रॉकेलनं पुसून तरी यायचं होतं. बरं दिसतं का हे चारचौघांत?" आक्कांनी हात पदराखाली नेले नाहीत. उलट दोन्ही पंजे पसरून तिच्यापुढे धरले. "नवरा गेल्यापासून मेंदीच्या ताटाला तर तुमी मला हात लावू देत न्हाई. मग माझं मी लावून घेतलं. आता ह्याला बी तुमची परवानगी पायजे का?" आत्याबाई पंगतीकडे वळल्या, त्या पुन्हा आक्कांच्या वाटेला गेल्या नाहीत.

त्यांचं खरं नाव वेगळं होतं, पण नांदेडच्या आमच्या कॉलनीत लहानथोर सगळे त्यांना रंगाक्का म्हणत. माहेर औशाचं. नवरा जुन्या मोंढ्यात आडतीचं दुकान चालवायचा. मी लग्न होऊन अर्धापूरहून इथं आले, तेव्हा आक्का नुकत्याच एकट्या झाल्या होत्या. त्यांच्या आणि आमच्या अंगणामध्ये कंबरेएवढी भिंत. त्या भिंतीवरून त्या माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या, ते नाव-गाव विचारायला नव्हे. "पोरी, घरात फाटकं बनियन हाय का एखादं? रंग पुसायला लागतंय."

रंगाचा हा नाद कसा लागला, ते त्यांनीच मला सांगितलं. नवरा गेल्यावर धाकट्या दिरानं दुकान आवरलं आणि घरी भंगारवाला बोलावला. दुकानातली लोखंडी खुर्ची, अंगणातला झोपाळा, कुंड्यांचा स्टँड, सगळं गंजून गेलं होतं. गाडा दारात लागला तशा आक्का जाऊन खुर्चीत बसल्या. दीर म्हणाला, "वहिनी, उठा. काय राहिलंय त्या खुर्चीत आता?"

"मी हाय की," आक्का म्हणाल्या. "न्यायची तर माझ्यासकट न्या."

भंगारवाला रिकामा गाडा ढकलत निघून गेला. दुसऱ्या दिवशी आक्का वजिराबादच्या बाजारात जाऊन पिवळ्याजर्द रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आल्या.

पहिला हात त्यांनी सरळ गंजावरच मारला. उन्हाळा आला, आणि नांदेडचा उन्हाळा काय असतो ते सांगायला नको, खुर्चीचे पापडासारखे पोपडे निघाले. दीर हसला. आक्का पायरीवर बसल्या, काचपेपरनं खुर्ची लोखंडापर्यंत घासून काढली, पुन्हा गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साइडचा हात दिला आणि वर तोच पिवळा. पुढं मी त्यांच्या तोंडून एक वाक्य कितीदा तरी ऐकलं. "गंज झाकून भागत न्हाई गं. आधी खरवडायचा. हाताची आग होती, पण मग रंग धरतो."

माझं पहिलं मूल पोटातच गेलं, तेव्हा घरात त्याचा कुणी उच्चारही करत नव्हतं. सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायचे, जणू मी आजारी होते. आक्का आल्या आणि सासूबाईंना न विचारता मला त्यांच्या ओट्यावर घेऊन गेल्या. हातात एक जुना काळपट पाट दिला, काचपेपर दिला. "घास. आणि रडायचं तेवढं रड." दुपारभर मी घासत होते, रडत होते. त्या शेजारी बसून झोपाळ्याच्या कड्या रंगवत होत्या. संध्याकाळी एवढंच विचारलं, "कोणता लावू?" मी निळा म्हणाले.

हळूहळू कॉलनीतल्या बायका आपापलं जुनं सामान त्यांच्याकडे आणायला लागल्या. कुणाचं डुगडुगतं स्टूल, कुणाची पत्र्याची ट्रंक, कुणाचा पाळणा. कुणी म्हणालं, "आक्का, साधा चॉकलेटी द्या, मळखाऊ," की त्या भडकत. "मळ खायला जन्मलो का गं आपण? जलमभर तेच करून राहिलो. हे घे, आंबा कलर." आणि ट्रंक आंब्यासारखी होऊनच परत जायची. बाई कुरकुरत न्यायची, पण आठवड्याभरात ती ट्रंक पलंगाखालून निघून बैठकीत आलेली असायची.

पुण्यात नोकरीला असलेला त्यांचा मुलगा फोनवर वैतागायचा. "आई, तू मजुरासारखी उन्हात बसतेस. लोक मला विचारतात." आक्का शांतपणे सांगत, "मग सांग त्यान्ला, बसते म्हणून. खोटं कशाला बोलतोस?"

कॉलनीच्या मध्ये एक मोकळी जागा होती. नकाशात तिचं नाव बाग. प्रत्यक्षात काटेरी झुडपं, मोडका झोका, गंजलेली घसरगुंडी आणि पत्रा उसवलेली लोखंडी बाकं. त्या जागेला लागून एका पुढाऱ्याचा बंगला होता. सगळे त्यांना भाऊ म्हणत. भाऊंना तिथं मंगल कार्यालय काढायचं होतं आणि पुढं गाड्या लावायला मैदान हवं होतं. कॉलनीच्या बैठकीत ते म्हणाले, "बसतं कोण तिथं? सगळं भंगार होऊन पडलंय." पुरुषमंडळी माना डोलवत बसली. आक्का मागच्या रांगेतून उठल्या आणि घरी गेल्या. सकाळी पाहतो तो आक्का बागेत, डोक्याला ओला टॉवेल, हातात काचपेपर.

पहिलं बाक त्यांनी निळं केलं. दोन दिवसांत ते उपटून नाल्यात टाकलेलं सापडलं. आम्ही चौघीजणींनी ते ओढून काढलं. आक्कांनी चिखल धुतला, बाकाचे पाय पुन्हा सिमेंटमध्ये रोवून घेतले, आणि या खेपेला रंग दिला लाल. मग कुणीतरी त्यावर जळकं ऑइल ओतलं. माझा धीर सुटला. मी म्हणाले, "आक्का, जाऊ द्या ना आता. ती माणसं चांगली नाहीत."

"आपण तरी कुठं चांगलं व्हायलोत?" त्या ऑइल पुसत म्हणाल्या. "त्यान्ला ऑइल सरंल एक दिवस. माझा रंग न्हाई सरायचा."

भाऊ स्वतः आले. गोड बोलले. "आक्का, या वयात हे हाल कशाला? तुम्हाला माझ्या बंगल्यात बसायला चार खुर्च्या टाकतो." आक्कांनी ब्रश डब्यात बुडवला. "तुमच्या खुर्चीत बसलं की तुमी उठ म्हणल्यावर उठावं लागतंय. हितं कोण उठवंल?"

उठवायला जेसीबी आला. सकाळची वेळ, पुरुष कामावर गेलेले. आम्ही बायका कडेला जमलो. आक्का घसरगुंडीच्या पायऱ्या रंगवत होत्या. यंत्र जवळ आलं तरी त्यांनी मान वळवली नाही. ड्रायव्हर ओरडला, "आजी, सरका बाजूला! भंगार उचलायचं हाय."

"उचल की. पण भंगार हाय कुठं ते दाव."

त्यानं खरंच पाहिलं. लाल बाक, पिवळं बाक, हिरवा झोका, पोपटी घसरगुंडी. एक एक करत आम्ही जाऊन बाकांवर बसलो. माझ्या सासूबाई, ज्यांनी आयुष्यात कुणासमोर आवाज चढवला नव्हता, त्या पुढच्या बाकावर मांडी घालून बसल्या. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि खाली उतरून फोन लावत बसला. दुपारपर्यंत वॉर्डातले, पालिकेच्या ऑफिसातले लोक येऊन गेले, बोलाचाली झाली, आणि यंत्र परत गेलं.

आम्ही जिंकलो असं मी म्हणणार नाही. पुढच्या वर्षी रस्त्याच्या नावाखाली अर्धी बाग गेलीच. मंगल कार्यालयही झालं. अर्धी बाग गेली त्या दिवशी मी आक्कांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. रडून झाल्यावर त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "चल, तिकडची बाकं हिकडं आणू. जागा अर्धी झाली म्हणून बाकं अर्धी करायची न्हाईत." दाटीवाटीनं का होईना, सगळी बाकं उरलेल्या बागेत बसली.

नंतर त्यांना दम लागायला लागला. डॉक्टरांनी रंगाचा वास वर्ज्य सांगितला. मुलगा पुण्याला घेऊन गेला. तिथून फोन आला, "अगं, हितं समद्या गॅलऱ्या एकाच रंगाच्या. दवाखान्यात बसल्यावाणी वाटतंय." महिनाभरात त्या परत आल्या. नाकाला ओलं फडकं बांधून, वाऱ्याकडे पाठ करून बसायच्या आणि थोडं थोडं काम करायच्या. मुलगा रागावला, मग थकला, आणि शेवटी दर सुट्टीत स्वतःच येऊन त्यांचे डबे उघडून द्यायला लागला. गेल्या थंडीत आक्का गेल्या. नेताना रस्त्यावर बायका इतक्या होत्या की जाणकार म्हातारे म्हणाले, बायकांनी एवढं पुढं यायची रीत नाही. आम्ही गेलोच.

या उन्हाळ्यात बाकांचे पोपडे निघाले. भाऊंची माणसं बागेच्या कुंपणाला लागून वाळू-गिट्टी टाकून गेली. त्याच संध्याकाळी आम्ही काचपेपर घेऊन बागेत उतरलो. कुणाला नीट जमत नव्हतं. रंगावरून भांडणं झाली, एका बाकाला तिघींनी तीन रंग दिले. तेवढ्यात कुंपणापलीकडून कुणीतरी हाक मारली. भाऊंची धाकटी सून होती, कडेवर लेकरू. "काकू, एखादा ब्रश जास्तीचा हाय का?" मी वर पाहिलं. बंगल्याच्या गच्चीवर भाऊ कठड्याला धरून उभे होते. मी हळूच म्हणाले, "अगं, सासरे बघून राहिलेत."

तिनं लेकरू माझ्याकडे दिलं, पदर खोचला आणि कुंपणावरून पाय टाकला.

"बघू द्या," ती म्हणाली. "त्यान्ला बी कळू द्या, इथं बसतं कोण ते."