उजव्या कुशीचा पट्टा

माझे यजमान श्यामराव कलकत्त्याच्या एका सरकारी कचेरीत माशांच्या जाती ओळखण्याचं काम करत. आमच्या घराण्यात मासा कुणी शिवलाही नव्हता, खाणं तर लांबच. भवानीपुरातल्या बंगाली शेजारणी मला वहिनी मानून चिडवायच्या, "बौदी, दादा रोज एवढे मासे पाहतात, एखादा घरी आणत नाहीत?" मी म्हणायची, आणतात ना, कपड्यांच्या वासात आणतात.

त्यांची सगळी उमेद कार्डिनल नावाच्या बोटभर माशात खर्ची पडली. मोठ्या डोळ्यांचा, खडकांच्या सांदीत राहणारा मासा. ह्यातला नर अंडी तोंडात धरून बसतो आणि पिल्लं बाहेर येईतो उपाशी राहतो. हे ऐकून मी ह्यांच्याकडे नुसतं पाहिलं होतं. ह्याच्या जाती ढीगभर, आणि बऱ्याचशा एकमेकींसारख्या. अंगावर पट्टे किती, शेपटीशी ठिपका आहे का, पाठीवरच्या पराला, म्हणजे पोहायच्या पंखाला, काटे किती, ह्यांवरून नाव ठरायचं. लाल-पिवळा रंग मासा टिकवायच्या औषधात लगेच उडतो, काळा तेवढा टिकतो. म्हणून सगळी भिस्त काळ्यावर.

धाकटे दीर मनोहर एक्कावन्न साली त्याच कचेरीसाठी मासे गोळा करायला अंदमानात गेले. तिथे खडकावरून लाटेनं त्यांना ओढून नेलं. देह सापडला नाही. पुढे बऱ्याच दिवसांनी त्यांची ट्रंक आली आणि एक बाटली आली. बाटलीत चिंधीवर आडवा पडलेला एकच मासा होता.

ह्यांनी तो कचेरीत तपासला आणि घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, "आई, काटे नेहमीच्या जातीसारखेच आहेत, पण ह्याला पट्टा नाही. नवी जात असेल. असली तर तिला मनूचं नाव देता येईल."

हे बोलायला नको होतं. सासूबाईंनी तेच घट्ट धरलं. देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. तो विधी त्यांनी अडवला. "त्याचं नाव छापून येऊ दे. मग काय ते करा," म्हणाल्या.

आणि भावजी घरातच राहिले. मी भित्री नाही, पण जे पाहिलं ते पाहिलं. भर दुपारी, चैत्राच्या उन्हात, जिन्यावर ओली पावलं दिसायची. मी कणीक मळत असले की मागे कुणीतरी खाकरायचं, अगदी भावजींसारखं. सासूबाई त्या दिशेला बघून सहज म्हणायच्या, "मनू, पंखा लाव रे." हे मान खाली घालून जेवत राहायचे. मला भीती वाटायची, आणि भीतीपेक्षा चीड जास्त यायची. गेलेल्या माणसाला असं ताटकळत ठेवणं मला पाप वाटायचं.

वर्षभर ह्यांनी तो मासा संग्रहातल्या दुसऱ्या माशांशी ताडून पाहिला. पट्टा नव्हताच. लेख लिहायला घेण्याआधी आईंना दाखवावा म्हणून एका रविवारी बाटली घरी आणली. स्वयंपाकघरात तिला मज्जाव, म्हणून खिडकीत ठेवली. आतली चिंधी कचेरीत केव्हाच काढली होती. ठेवली तीसुद्धा सवयीनं, माशाचं डोकं डावीकडे करून. ह्या लोकांत मासा तसाच ठेवतात, मोजतात तसाच, चित्रही त्याच बाजूनं काढतात. दुसरी कूस कुणी बघत नाही.

सासूबाई गॅलरीत तुळशीला पाणी घालत होत्या. तिथून, खिडकीपलीकडून, त्यांचा आवाज आला.

"श्याम, ह्याला ह्या अंगानं पट्टा आहे रे."

हे धावले. बाटली हातात घेऊन उजेडात फिरवली. काळा पट्टा डोळ्यापासून शेपटीपर्यंत ठसठशीत होता. तिकडे बाटली कुठेतरी उन्हात पडून राहिली असणार. औषधात टिकणारा काळाही उन्हात उडतो; वरची कूस विटली, चिंधीला टेकलेली शाबूत राहिली. अंदमानच्या पाण्यात हवा तेवढा मिळणारा साधा मासा होता तो. ह्यांच्या तोंडचं पाणीच पळालं.

सासूबाईंना सगळं कळलं होतं. त्या आत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "कचेरीत ही बाजू कुणी बघतं का?"

"नाही."

"मग?"

खरं सांगते, त्या घटकेला मलाही वाटलं, गप्प बसावं ह्यांनी. एका माशानं कुणाचं काय बिघडणार होतं?

"मी पाहिली ना, आई," हे म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

त्यांनी ह्यांच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाल्या, "गुरुजींना सांगून ये."

गंगेच्या घाटावर पुतळ्याला अग्नी दिला. घरी येऊन आम्ही न्हालो. जिना कोरडा होता. मी मुद्दाम दोनदा पाहून आले.

संध्याकाळी सासूबाई पलंगावर बसल्या होत्या. उकडत होतं. नेहमीच्या आवाजात त्या म्हणाल्या, "मनू?"

कुणी खाकरलं नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली. हे उंबऱ्यात थबकले, मी हातातलं भांडं खाली ठेवलं, आणि आम्ही तिघंही कान देऊन ऐकत राहिलो.