वाका सरांचा कापूस

आर्णीच्या आमच्या शाळेत चित्रकलेच्या तासाला वहीपेक्षा कंबरेला जास्त काम असायचं. वाकलेला माणूस काढायचा, तर सर आधी आम्हाला तसंच वाकून उभं करत. "पहिले वाक. कंबर दुखली का मंग काढ," असं म्हणत. त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतं. गावभर ते 'वाका सर'च होते.

त्यांच्याकडे जुन्या पुस्तकातलं एक पान होतं. कुण्या फ्रेंच चित्रकाराचं खेड्यातलं चित्र, काळंपांढरं, पुसट छपाईचं. शेतात वाकलेल्या बाया, भोवती पांढरे ठिपके. पाहा, फ्रान्सातही कापूसच वेचतात, असं सर दरवर्षी सांगत. यवतमाळपलीकडे न गेलेल्या आम्हा पोरांना तो देश शेजारच्या तालुक्यासारखा वाटायचा.

पुढे मीही चित्रकलेची शिक्षिका झाले. सर निवृत्त झाल्यावर नागपूरच्या एका संग्रहालयात त्याच चित्रकाराचं प्रदर्शन लागलं. मूळ चित्रं नव्हती, पण त्याच मापाच्या रंगीत प्रती होत्या. मी सरांना आणि त्यांच्या बायकोला, आमच्या काकूंना, एसटीनं घेऊन गेले. सर वाटभर कुरकुरत होते. काकूंचा जन्म कापसाच्या वावरात गेलेला, त्यांना चित्रातलं काय कळणार, हे त्यांचं ठाम मत.

ते चित्र दिसताच सर सवयीनं वाकले. म्हाताऱ्याला भोवळ आली समजून रखवालदार धावत आला. काकू मात्र सरळ उभ्या राहून निरखत होत्या.

"हा कापूस नाही जी," त्या म्हणाल्या. "कापसाची पऱ्हाटी कमरेइतकी असते, इतकं खाली कायले वाकतीन? गहू कापून नेला, अन् सांडलेल्या ओंब्या ह्या वेचून राह्यल्या. सरवा हाय हा."

खरंच, सगळं रान पिवळं होतं. मला हसू येत होतं, पण सरांचा चेहरा पाहून ते गिळलं.

"तीस वर्षं साऱ्या शाळेले दाखवलं," सर हळूच काकूंना म्हणाले. "तुले दाखवाचं राह्यलं."

इतक्या पिढ्यांना आपण चुकीचं सांगितलं, हे त्यांना आत लागलं होतं, आणि मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं. पुढच्याच आठवड्यात त्यांनी शाळेत जाऊन एक तास मागून घेतला. मी मुद्दाम रजा टाकून गेले. मी चुकलो होतो, हे घरी आईबापांनाही सांगा, असं त्यांनी पोरांना बजावलं, कारण आईबापही त्यांचेच विद्यार्थी. मग काकूंना पुढे बोलावलं. काकूंनी लाजत लाजत पदराची ओटी बांधली आणि कापूस खरा कसा वेचतात ते करून दाखवलं. सरांनी त्यांना फळ्यावर काढलं. एवढ्या संसारात पहिल्यांदाच.

सर आता नाहीत. मी अजून मुलांना वाकवते. पण त्याआधी विचारते, हे काम तुमच्या घरी कोण करतं? पहिले त्यांना चित्र दाखवून या.