भागीरथीची पिंपळी

दिघा गावात भागीरथीच्या तोंडी लागायला कुणी धजत नसे, पण घरात मूल जन्मलं की सगळे तिच्याच दारात. परसातल्या शेवग्यावर तिनं पिंपळीचा वेल चढवला होता. बाळंतिणीला त्याची मुळी उगाळून द्यायची, तीही ताजी खणून. डब्यात भरून ठेवलेलं औषध तिला मंजूर नव्हतं. पैसा घ्यायची नाही. शिव्या मात्र सढळ हातानं द्यायची.

औषध कशाचं, हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. सासूनं घालून दिलेला नियमच तसा. वेल दाखवायचा तो सुनेला, तिचं पहिलं बाळंतपण झाल्यावर. मुलाला कधीच नाही. सून पुतळा आता दिवस भरत आलेली, उठता-बसता धापा टाकायची. वेल परसात आहे म्हणून भागीरथी निर्धास्त होती.

ते १९७९ साल. मुलगा वामन नुकताच कारखान्यात चिकटला होता. शेजारी भाड्यासाठी खोल्या बांधतात, मग हा कसा मागे राहील? आई आठ दिवस माहेरी साखरपुड्याला गेली तेवढ्यात पठ्ठ्यानं शेवगा आडवा केला, वेलासकट मुळं खणून बांधावर फेकली आणि पायाचा चर मारून मोकळा झाला.

परतलेल्या भागीरथीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मेल्या, गावच्या बाळंतिनींचं औषध उपटलंस! बायकोला आता शिमीट पाजशील?"

वामनही भडकला. "मना काय ठाव? रानवेल समजलो. तू कदी सांगितलंस?"

त्याचा राग आला, मेलेल्या सासूचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. बांधावरचा ढिगारा तिनं दोन्ही हातांनी उपसला. सगळं वाळून कोळ झालेलं. एका पेरालाच हिरवी धुगधुगी होती. ते तिनं विहिरीकडेला रोवलं.

"पुतळे, हिकडं ये."

"पन आये, माजं बाळंतपन अजून..."

"खड्ड्यात गेला नियम! ही पिंपळी हाय. पान नीट बघ. वामन्या, तू पन बघ. परत कुऱ्हाड लावलीस, तर ठाव नव्हतं म्हनायला तोंड नाय उरनार."

वामन पाणी शेंदायला गेला. त्या पेराला खणण्याजोगी मुळी धरायला दोन पावसाळे तरी लागणार होते, आणि पुतळाला कळा त्याच आठवड्यात सुरू झाल्या.