चौलला उजेड बघायला

सातारा स्टँडवरून सकाळी सहाच्या गाडीत बसले तेव्हा खिडकीबाहेरून हात हलवायला माधव स्वतः आला होता. माधव आमच्या हौशी नाट्यसंस्थेचा दिग्दर्शक. मी पोस्टात नोकरी करते आणि गेली एकोणीस वर्षं याच संस्थेच्या नाटकांचे दिवे सांभाळते. रायगड किनाऱ्यावर चौलला प्रकाशयोजनेचं तीन दिवसांचं शिबिर होतं. "बघून ये," तो म्हणाला, "आल्यावर ठरवू." काय ठरवायचं ते दोघांनाही ठाऊक होतं. महिन्याभरावर आलेल्या स्पर्धेत दिवे मी करायचे की दुसऱ्या कुणी.

घडलं होतं ते असं. संस्थेने जुने दिवे काढून नवे एलईडी घेतले. त्यांच्यावरच्या पहिल्याच प्रयोगानंतर माधव तावातावाने माझ्याकडे आला. "अगं, सगळे चेहरे प्रेतासारखे दिसत होते! हिरवट, राखाडी. तुला दिसलं नाही?" मला खरंच दिसलं नव्हतं. मला प्रकाश स्वच्छ पांढरा वाटला होता. माझ्या वडिलांची नजर पन्नाशीतच अधू झाली, पुढे गेलीच. मी एक्कावन्न वर्षांची आहे. डॉक्टरकडे जायचं धाडस होत नव्हतं, आणि घरीही काही बोलले नव्हते.

पुण्याला गाडी बदलली. घाट उतरून खोपोली मागे पडली तशी हवा दमट झाली. पेणनंतर दोन्ही बाजूंना खाडीचं पाणी, मिठागरं आणि त्यातून एका पायावर उभे बगळे. एरवी मी हे बघून हरखले असते. पण त्या दिवशी मी स्वतःचीच परीक्षा घेत बसले होते. तो पत्रा निळा की हिरवा? त्या बाईची ओढणी डाळिंबी की तपकिरी? शेवटी डोळे मिटून घेतले.

अलिबागला रेवदंड्याची गाडी मिळाली. वाहकाने "चौल, चौल" म्हटल्यावर मी घाईने उतरले आणि फसले. चौल म्हणजे एक गाव नव्हेच, दूरवर पसरलेल्या वाड्याच वाड्या. मला नाक्यावर उतरायचं होतं आणि मी बरीच अलीकडे उतरले होते. पिशवी घेऊन चालत निघाले. रस्त्याच्या कडेला दगडी गडगे (रचीव कुंपणं), आत नारळ आणि उंच सडपातळ पोफळी (सुपारीची झाडं), त्यांच्या बुंध्यांवर चढलेले मिरीचे वेल. भर दुपारी रस्त्यावर गार सावली होती. अर्धा तास चालल्यावर एका फाटकातून हाक आली, "शिबिराच्या ताई का तुम्ही? अवो, केव्हाची वाट बघतेय!"

या कमळताई. त्यांच्याकडे माझी राहायची सोय होती. साठीच्या आसपासच्या, ठेंगण्या, हाताने सतत काहीतरी निवडत असलेल्या. त्यांनी आधी पाय धुवायला पाणी दिलं, मग शहाळं, आणि मग विचारलं, "नाटकात दिवे लावाया शिकाया लागतं व्हय?"

"लागतं," मी म्हटलं. त्यांना ते पटलं असं दिसलं नाही.

शिबिर दुसऱ्या सकाळपासून शाळेच्या सभागृहात होतं. चाळीसेक माणसं, त्यात बायका आम्ही तिघी. पहिल्या दिवशी एक तरुण तज्ज्ञ बोलला. पडद्यावर एकामागून एक आकृत्या, आलेख, परदेशी नाट्यगृहांचे फोटो. एका रंगमंचावर जेवढे दिवे दिसत होते तेवढे आमच्या अख्ख्या तालुक्यात नसतील. दिवसभरात खरा दिवा एकदाही पेटला नाही. मी धीर करून विचारलं, "नव्या दिव्यांत चेहरे हिरवट का दिसतात?" तो म्हणाला, "दिवे चालवायला चांगली कन्सोल घ्या, सगळं सेट होतं," आणि पुढच्या चित्राकडे वळला.

संध्याकाळी परतताना माझं ठरलं होतं. हे शिबिर आपल्या कामाचं नाही. उद्या सकाळच्या गाडीने परत जायचं आणि माधवला सांगून टाकायचं, दिवे दुसऱ्याला दे.

कमळताईंनी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. मी उद्या निघते म्हटल्यावर त्या वाढता वाढता थांबल्या. "येवड्या लांबून आलात नि मासे न खाता जानार? न्हाय, तसं न्हाय चालनार. सकाळी माझ्यासंगं रेवदंड्याला बाजारात चला. जेवा, मग जावा."

त्या आग्रहापुढे मी काय बोलणार? सकाळी साडेसहाला आम्ही रिक्षाने रेवदंड्याला पोचलो. थंडीचे दिवस, अजून नीट उजाडलं नव्हतं. पत्र्याच्या छपराखाली कोळणी बसलेल्या, समोर फळकुटांवर बांगडे, बोंबील, सुरमई. कमळताई त्यांच्या नेहमीच्या मावशीसमोर जाऊन बसल्या. मावशीच्या डोक्यावर जुना पिवळा बल्ब लोंबत होता. शेजारणीकडे नवा पांढरा एलईडी.

मावशीने सुरमईचा कल्ला उचलून दाखवला. आत लालभडक. "सकालचाच हाय, बघून घे."

मी सहज शेजारणीकडे पाहिलं. तीही कुणाला तरी सुरमईचा कल्ला दाखवत होती. तो मातकट, तपकिरी दिसत होता. मी म्हटलं, "तिचा मासा शिळा आहे का हो?"

मावशी हसायलाच लागली. "शिला कसला! एकाच होडीचा हाय. तिचा दिवा तसला. मी सांगते तिला, बाय, ह्या दिव्यात गिऱ्हाइकाला मासा मेलेला दिसतो. ऐकत न्हाय."

"मासा मेलेलाच असतो गं," शेजारीण म्हणाली आणि सगळ्या खो खो हसल्या.

मी मात्र उठून उभी राहिले. मावशीला विचारून ती सुरमई उचलली आणि शेजारणीच्या दिव्याखाली धरली. कल्ला तपकिरी. परत पिवळ्या बल्बखाली आणली. लाल. पुन्हा तिकडे. पुन्हा इकडे. फरक मला दिसत होता! कमळताईंचा हात धरून मी विचारलं, "तुम्हाला पण तिकडे तपकिरी दिसतोय ना? खरं सांगा."

"व्हय वो, सगळ्यांनाच दिसतोय. पन तुम्ही रडताय का?"

मी रडत होते खरी. तिथेच, माशांच्या पाण्यात उभी राहून, मी कमळताईंना वडिलांपासून सगळं सांगितलं. जे घरी सांगता आलं नव्हतं ते. त्यांनी पदराने माझे डोळे पुसले. "आता गाडीला जायाचं न्हाय. त्या शाळंत जावा नि इचारा त्यांना. आन घरी गेल्यावर डागदरला दावा. घाबरून घरात बसू नका."

त्या दिवशी, म्हणजे शिबिराच्या दुसऱ्या दिवशी, शिकवायला साळवीसर होते. सत्तरीचे, कोकणातल्या जत्रांमध्ये नाटकांचे दिवे करून आयुष्य घालवलेले. मी त्यांना मासळीबाजारातली गोष्ट सांगितली. त्यांनी मला मंचावर खुर्चीत बसवलं, सभागृह काळोखं करून घेतलं आणि आधी साधा पांढरा एलईडी, मग जुना हॅलोजन माझ्या चेहऱ्यावर टाकला. समोरून चाळीस जणांचा "अरेच्चा!" ऐकू आला.

"या स्वस्त दिव्याच्या उजेडात लाल फार थोडा असतो," सर म्हणाले. "आणि माणसाच्या कातडीचा जिवंतपणा लालावर असतो. दिव्यातच नाही तर चेहऱ्यावर येणार कुठून?"

"पण मग मला प्रयोगात का नाही दिसलं? इतरांना दिसलं."

"प्रयोगाआधी त्या उजेडात किती वेळ बसला होतात?"

"दिवे लावून घेण्यात चार-पाच तास गेले असतील."

"झालं तर! डोळा सवय करून घेतो. तोच उजेड पांढरा मानायला लागतो. प्रेक्षक बाहेरून येतो, त्याला लगेच कळतं. पडदा उघडायच्या आधी दहा मिनिटं उन्हात, निदान आवारात फिरून यायचं. मी अजूनही जातो. बाई, तुमचा डोळा गेलेला नाही, दमलेला आहे."

सगळे हसले. मी सर्वांत मोठ्याने हसले असेन. उरलेला दिवस आम्ही दिवे चढवण्यात आणि उतरवण्यात घालवला. मागचा पडदा नव्या दिव्यांनी रंगवायचा, चेहऱ्यांसाठी चार जुने ठेवायचे, रंगभूषा त्याच उजेडात तपासायची. वहीची अकरा पानं भरली.

संध्याकाळी कमळताईंच्या वाडीत पोपटी झाली (वालाच्या शेंगा, बटाटे आणि अंडी भांबुर्डीच्या पाल्यात घालून मडक्यात भाजतात, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करतात). पाल्याचा उग्र वास शेंगांत मुरला होता. बोटं भाजत, फुंकर घालत मी इतक्या शेंगा खाल्ल्या की कमळताईंनी शेवटी टोपलीच माझ्यासमोर सरकवली. तिथूनच माधवला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे खोट दिव्यांत होती," तो म्हणाला. "आणि ते दिवे मीच निवडले होते."

"हो. जुने भंगारात गेले नाहीत ना?"

"कोठीत आहेत. उद्या काढून पुसून ठेवतो." मग त्याने विचारलं, "तू तेव्हाच का नाही बोललीस, डोळ्यांची भीती वाटते म्हणून?"

"आल्यावर सांगते," म्हणत मी पुढची शेंग सोलली. तिसरा दिवस मी पूर्ण केला, शेवटचं व्याख्यानसुद्धा.

साताऱ्याला आल्यावर पहिल्यांदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले, नवऱ्याला बरोबर घेऊन. वाचायचा चष्मा लागला. बाकी डोळे ठीक, वर्षातून एकदा तपासायचे. बाहेर येऊन आम्ही दोघं उसाचा रस प्यायलो.

शिबिराला जाण्यात अर्थ होता का, असं संस्थेतले लोक विचारतात. पहिल्या दिवशी नव्हता, असं मी प्रामाणिकपणे सांगते. पण सकाळच्या गाडीने परत आले असते तर आज मी दिवे सोडून, न झालेल्या आंधळेपणाची तयारी करत बसले असते.

परवा स्पर्धेच्या नाटकाची रंगीत तालीम झाली. पहिला अंक संपला. माधव खाली प्रेक्षागृहात बसला होता. त्याने नायिकेला चालण्याबद्दल सांगितलं, संगीत उशिरा आल्याबद्दल एकाला झापलं, दार करकरतं म्हणून कुरकुर केली. दिव्यांबद्दल एक अक्षर बोलला नाही. मी चष्मा कपाळावर सरकवला आणि दुसऱ्या अंकाचा उजेड हळूहळू वर आणला.